अर्धा स्वर चढा

प्रिय गोगलगाय,

तुझं चार ओळींचं पत्र गुरुवारी मिळालं. चार ओळी लिहायला तुला पाच आठवडे लागले, म्हणजे तब्येत ठीक आहे असं मी धरून चालतो. बाकी पत्रात बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. आमच्या रविवारच्या मंडळींसमोर वाजवायला तू येणार नाहीस. इथेच नव्हे, यापुढे कुठेच वाजवणार नाहीस. आणि महिनाअखेरीस शिष्या आली की गिटार तिच्या हवाली करून मोकळा होणार आहेस. कारण काय, तर नऊ सेकंद. तिनं गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर तुझं वादन टिपलं, तू ते घड्याळ लावून ऐकलंस, मग आपली जुनी टेप लावून ऐकलीस, आणि तीच धून वाजवायला तुला आता नऊ सेकंद जास्त लागतात असा शोध लावलास. टेपवरचा माणूस गेला, मी नुसता त्याची गिटार सांभाळत बसलोय, असं लिहिलंयस. आमच्या हिनं ते वाचलं, पत्राची घडी घातली आणि माझ्या चष्म्याखाली ठेवून म्हणाली, ह्याला उत्तर तुम्हीच द्यायचं, आणि पूर्ण द्यायचं. म्हणून आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून लिहायला बसलोय. लांबण लागेल. तुला घाई कधीच नसते, तेव्हा वाच सावकाश.

आधी मंडळींची खबर. दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही अजूनही जमतो. खोली तुला आठवते तशीच आहे, फक्त उघड्या पोटाचे रेडिओ वाढलेत आणि बसायला जागा कमी झालीय. सात खुर्च्या आहेत, एकीचं दुसरीशी पटत नाही. दाताचे डॉक्टर दाराजवळ बसतात. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस तुझी टेप लागली की स्वतःच आ वासून बसतो, आणि संपली की दचकून तोंड मिटतो. भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्यापासून एकही रविवार चुकवत नाहीत. त्या डोळे मिटतात आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरतात, तू मधूनच येऊन ती पळवणार असल्यासारखी. टेपवर सुरुवातीला आपल्या गुरूंची, सुतारमामांची, साथ चालू होते, ती छक् छक् छक् छक्, ढोल नाही, ताशा नाही, नुसत्या एका गिटारवर उभी केलेली आगगाडी. मग तू येतोस, तेही जरा उशिरा, विसरून मागे राहिल्यासारखा. आणि मग जे सुटतोस ते थेट वरच्या पडद्यांपर्यंत. तिसऱ्या फेरीत तू तो एक स्वर वर नेऊन धरतोस, हलवतोस आणि तिथून घसरगुंडीवरून यावं तसा खाली येतोस, तिथं दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून 'अरे बाप रे' निघतंच. सव्वीस वर्षं एकच टेप, आणि 'अरे बाप रे' मात्र दर वेळी ताजं.

तरुण मुलंमुली येतात गिटारी घेऊन. जिप्सी जॅझ, म्हणजे हे नुसत्या गिटारींवरचं पळतं वाजवणं, शिकायचं तर ही टेप ऐकायचीच, असं त्यांच्यात ठरून गेलंय. मोठमोठ्या वादकांच्या चकचकीत रेकॉर्डी त्यांच्या मोबाइलमध्ये असतात, पण इथं येऊन ती आमची खरखरणारी टेप ऐकतात. तुझ्याबरोबर वाजवायचं तर तारा अर्धा स्वर चढवाव्या लागतात, कारण टेप जिथं झाली त्या हॉलचा पियानो चढा होता आणि तुम्ही त्याच्यावर जुळवून घेतलं होतं, हे आम्हीच त्यांना सांगतो. मग ती खुंट्या पिळतात, तार तुटते, कुणाच्या गालाला लागते. गेल्या वर्षी एक मुलगी तासभर तिसऱ्या फेरीशी झुंजली, मग गिटार शांतपणे पिशवीत घातली आणि मला म्हणाली, काका, हा माणूस दोन हातांचाच आहे ना. मी म्हटलं, मी लहानपणापासून ओळखतो, हात दोनच, पण जेवायला बसला की एकही हलत नाही.

खरंच, तुला गोगलगाय मी म्हणायला लागलो ते काही उगाच नाही. वर्गात सगळ्यांच्या वह्या गोळा झाल्या तरी तुझी तारीख लिहून होत नसे. शाळा सुटल्यावर तुझ्या बुटांची नाडी बांधून होईपर्यंत फाटकाला कुलूप लागायचं आणि तुझ्यापायी मीही आत अडकायचो. असल्या माणसाच्या बोटांत वीज कुठून आली हे कोडं मला कधी सुटलं नाही. सुतारमामांच्या कारखान्यात आपण भुशाच्या ढिगावर बसून ती वेष्टन नसलेली रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली, तेव्हा दोघांनीही ठरवलं होतं की हेच वाजवायचं. मामांनी दोघांनाही शिकवलं. माझी बोटं तारांवर अशी पडायची की मामा म्हणाले, बाळा, तू खिळे ठोकतोयस. मग मी सोल्डरची कांडी हातात धरली आणि तुझ्या तोंडी डबडेकर झालो, तू गिटार धरलीस. मला त्याचं दुःख झालं नाही, हे तुला पूर्वी कधी सांगितलं नसेल तर आता सांगतो. वाजवणाऱ्याला आपलं वाजवणं कधी ऐकायला मिळत नाही, तो कामात असतो. ते सुख मी भोगलं. तुझ्या वादनाचं सगळ्यात मोठं सुख ह्या जगात कुणाला मिळालं असेल तर मला, आणि ह्यात मी दाताच्या डॉक्टरांनाही हिस्सा देणार नाही.

आता त्या रविवारचं. तुझ्या लक्षात किती आहे कोण जाणे, म्हणून नीट सांगतो. तीन ठिकाणी वाजवून दाखवलंस आणि तिन्ही ठिकाणी त्यांनी कळवू म्हणून सांगितलं, ते वर्ष. तुझ्या सासरेबुवांनी त्यांच्या रंगाच्या दुकानात तुझ्यासाठी स्टूलही आणून ठेवलं होतं. पुढच्या एक तारखेपासून तू त्यावर बसायचं, असं घरात ठरलंही होतं. म्हणून सुतारमामा म्हणाले, एकदा शेवटचं चार माणसांत वाजवू. हॉलमध्ये दुपारी अठरा माणसं होती, त्यांतली पाच मामांच्या घरची. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला होता, तो मी न विचारता उचलून आणला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला. सुरुवात होण्याआधी मामा खोकले, तुझी खुर्ची करकरली, आणि मग ते सगळं झालं. लोक उभे राहिले. तू उठलास आणि म्हणालास, आज हात चालला नाही.

मंगळवारी सकाळी तू दुकानात आलास. रंगाच्या दुकानाची किल्ली तुझ्या हातात होती, ती तू बोटाभोवती फिरवत होतास. मी टेप लावली. पहिल्या फेरीला तू हसलास. दुसऱ्या फेरीला किल्ली फिरायची थांबली. तिसऱ्या फेरीला तू माझ्या कामाच्या टेबलाचा काठ धरलास. संपल्यावर परत लाव म्हणालास, आणि तिसऱ्यांदाही. मग माझ्याकडे पाहून विचारलंस, हा मीच का? तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही. मी म्हटलं, तूच. किल्ली तू माझ्याच टेबलावर विसरून गेलास, आणि ती परत करायला मला जावं लागलं. सासरेबुवांचे चार शब्द मी ऐकून घेतले तेही तुझ्याच वाटणीचे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टेपच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, तिसऱ्या महिन्यात मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. लोक तुला वीज म्हणायला लागले आणि गोगलगाय म्हणणारा मी एकटा उरलो. जिथं तिथं मला ओळख मिळाली, ह्यांनी ती टेप केली. एकटे सुतारमामा तेवढे कुरकुरायचे. टेप ऐकली की म्हणायचे, वाजवणं आपलं आहे, पण हा खोकला माझा नव्हे, हा कुणा नाजूक बाईमाणसाचा आहे. आपण सगळे हसायचो. मामा जाईपर्यंत म्हणत राहिले आणि आपण हसत राहिलो. आणि तू प्रत्येक कार्यक्रमानंतर, समोर लोक उभे राहून टाळ्या वाजवत असताना, तेच म्हणत राहिलास, आज हात चालला नाही. आम्ही त्याला तुझा विनय समजत होतो. विनयी माणूस म्हणून तुझं कौतुक वाजवण्याइतकंच झालंय.

तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो होतो, सकाळच्या गाडीनं, न कळवता. वहिनींनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून आत नेलं. तुझ्या खोलीचं दार जरासं उघडं होतं. तू पाठमोरा बसला होतास, मनगटाला पट्टी बांधलेली. शेजारी तो टेपरेकॉर्डर, जो मीच तुला भेट दिला होता, वेग काटेकोर तपासून. तू टेपबरोबर वाजवत होतास. दोन फेऱ्या बरोबर गेलास, तिसऱ्या फेरीत मागे पडलास. थांबलास. टेप मागे घेतलीस. पुन्हा. पुन्हा तिथंच मागे पडलास. मी हातात फळांची पिशवी घेऊन उभा होतो आणि तू अकरा वेळा टेप मागे घेतलीस. वहिनी हळूच म्हणाल्या, रोज असंच, वर्षानुवर्षं, डॉक्टरांनी मनगटाला विश्रांती सांगितलीय पण ऐकतो कोण, ते म्हणतात एकदा तरी त्याला गाठायचंय. कुणाला, असं मी विचारलं नाही. तू बाहेर आलास, मला पाहून खूश झालास, आणि मी दिवसभर तुझ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारून संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. तोंडात मूग गिळून बसणं मला चांगलं जमतं.

मग चार महिन्यांपूर्वी मंडळींत एक नवे गृहस्थ आले. पियानो जुळवणारे. बरीच वर्षं परगावी काढून आता मुलीकडे राहायला आलेत. कान असे की शेजारच्या खोलीतली किटली कुठल्या स्वरात शिट्टी वाजवते ते सांगतात. त्यांना टेप ऐकवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता 'अरे बाप रे' येणार म्हणून. त्यांनी खिशातून नादकाटा काढला, तो दोन पायांचा पोलादी चिमटा, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. म्हणाले, अर्धा स्वर चढा आहे. डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले, हो, त्या हॉलचा पियानोच चढा होता. त्यावर ते गृहस्थ खुर्चीतून उठले. म्हणाले, पहिली गोष्ट, पियानो म्हातारा झाला की उतरतो, आपोआप चढलेला पियानो मी जन्मात पाहिला नाही. दुसरी गोष्ट, तो पियानो त्या वर्षी मीच जुळवत होतो, दर महिन्याला. बाईंनी पर्स सोडली. पियानोवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, आणि खाली बसले. भला माणूस, चारचौघांत पुढे एक अक्षर बोलला नाही. जाताना फक्त नादकाटा माझ्या टेबलावर ठेवून गेला.

तुला आतापर्यंत कळलं असेल. तू वाजवायला हळू नाहीस, आणि समजायलाही नाहीस. तरी माझ्या हातानं लिहायला हवं. त्या गिऱ्हाइकाच्या टेपरेकॉर्डरची तक्रारच ही होती की तो हळू चालतो. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. रविवारी घाईत मी तो तसाच उचलून आणला. हळू फिरणाऱ्या टेपवर तू टिपला गेलास. सोमवारी मी पट्टा बदलला, यंत्र ठीक चालायला लागलं, आणि त्यावर तुझी टेप लावली तर तू पळायला लागलास. अर्धा स्वर चढा, आणि एकशे ब्याण्णव सेकंदांची धून एकशे त्र्याऐंशी सेकंदांत. म्हणजे मंगळवारी सकाळी तू विचारलंस, हा मीच का, तेव्हा मला माहीत होतं. आदल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्या हातात ती रंगाच्या दुकानाची किल्ली होती, आणि मी म्हटलं, तूच. पियानो चढा होता ही थापही माझीच, पुढच्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं तेव्हा सुचलेली. वाटलं होतं, एकदा तू पायावर उभा राहिलास की सांगू. मग तू उभा राहिलास, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर पडशील. मग लोक मला ओळखायला लागले, आणि खरं सांगायचं तर तेही मला गोड लागलं. म्हण तुझ्या नावाची आहे पण लागू मला होते, गोगलगाय आणि पोटात पाय. हिला मी हे सगळं गुरुवारीच सांगितलं, तुझं पत्र आल्यावर. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करता आणि हा एक बिघाड सव्वीस वर्षं घरात जपून ठेवलात.

काल मी दुकान उघडलं नाही. एका यंत्राचा वेग स्क्रूनं कमी करता येतो, त्यावर मूळ टेप चढवली आणि नादकाटा कानाशी धरून, तुझी मोकळी तार त्याच्याशी जुळेपर्यंत वेग उतरवला आणि तशी नवी प्रत काढून घेतली. मग सुरुवातीपासून लावली. सुतारमामा खोकले. अरे, मामा खोकले, त्यांच्या स्वतःच्या, भुसा भरलेल्या जाड आवाजात, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग तू आलास. मला वाटलं होतं, काहीतरी कमी झालेलं ऐकू येईल. तसं झालं नाही. पूर्वी जे नुसतं झरकन जायचं ते आता एकेक स्वर दिसावा तसं ऐकू आलं, आणि तिसऱ्या फेरीतला तो वरचा स्वर तू किती मायेनं धरला होतास ते मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. आज सकाळी मंडळींना काही न सांगता तीच लावली. 'अरे बाप रे' कुणी म्हणालं नाही. डॉक्टरांचं तोंड मिटलेलं होतं आणि डोळे भरले होते. बाई म्हणाल्या, ही नवी दिसते, आता हात मुरलाय त्यांचा. पियानोवाले काका खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना सगळ्यांना खरं सांगितलं, सगळं, पट्ट्यासकट. काकांची माफी मागितली. कुणी उठून गेलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, परत लावा.

तीच टेप सोबतच्या डबीत आहे, खऱ्या वेगाची. माझ्यावर रागावायचं तर रागाव, पत्र फाड, तोंड दाखवू नकोस म्हण, मी हक्कानं भांडायलाही येणार नाही, कारण तो हक्क मी गमावलाय. फक्त शिष्या यायच्या आत ही टेप एकदा ऐक, हातात घड्याळ घेऊन, जसं मागच्या वेळी ऐकलंस. तू सव्वीस वर्षं ज्याच्या मागे धावलास तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. तो एक सैल पट्टा होता. खरा माणूस ह्या टेपवर आहे, तिशीतला, आणि त्याला ती धून वाजवायला एकशे ब्याण्णव सेकंद लागले. तुझ्या शिष्येनं टिपलेलं वादन वहिनींनी मला परवा मोबाइलवर पाठवलं. मी तीन वेळा मोजलं, आमच्या हिनं दोन वेळा. त्या पळत्या जुन्या टेपपेक्षा नऊ सेकंद जास्त, हे तुझं मोजणं बरोबर आहे. म्हणजे एकशे ब्याण्णव. ना एक कमी, ना एक जास्त.

तुझाच, अजून ठेवलंस तर,
डबडेकर